विमान पाहावे जोडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे सांगून गेली आहेत. त्यांच्या काळी खोक्यात घालून विमाने विकायला येत नसत, म्हणून ती म्हण तेवढ्यावरच थांबली. मी लग्न केले आहे, घराचे हप्ते अजून फेडतो आहे, आणि यंदा मृगापासून दसऱ्यापर्यंत एक विमान जोडले आहे. तिन्हींत चिवट काम कोणते असे कुणी विचारलेच, तर उत्तर देण्यापूर्वी मी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून घेईन.

विमान अर्थात प्लास्टिकचे. बहात्तरास एक या प्रमाणातले; म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर इंच ते आपल्या टेबलावर एक इंच. जात जलविमानाची आणि नाव 'सुंदरलँड'. नाव ऐकताच आमच्या आई म्हणाल्या, "नाव तरी छान ठेवलंय!" खोक्यावरचे चित्र पाहिल्यावर मात्र त्यांनी तो अभिप्राय परत घेतला. खरेच, सुंदरलँडला सुंदर म्हणणे कठीण आहे. फुगलेले पोट, उंच शेपूट, नाकाशी आणि शेपटाशी बंदुकांची बोंडे, आणि या सगळ्यावर चार एंजिने लावलेले लांबच लांब पंख. गाभण म्हशीला कुणी पंख लावावेत तसा काहीसा प्रकार. शत्रूपक्षाचे जर्मन लोक त्याला 'उडते साळिंदर' म्हणत, अशी आख्यायिका आहे. बंदुका मोजल्या की ते नाव पटते.

तुम्ही विचाराल की, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, व्याकरणाच्या तासाला मुलांच्या जांभया मोजणाऱ्या माणसाला हे कुठले वेड? आमच्या स्टाफरूममध्येही हाच प्रश्न झाला. एका सहकाऱ्यांनी तर "मुलासाठी का?" असे विचारून मला सुटकेचा मार्गही दाखवला. पण मला मुलगा नाही; एक मुलगी आहे, नववीत शिकणारी, आणि तिला विमानांपेक्षा मांजरांत अधिक गोडी आहे. हे वेड मला एका पुस्तकाने लावले, आणि पुस्तकाने लावलेले वेड हा आमच्या धंद्यातला आजारच आहे.

'भवानी जंक्शन' ही कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट जुन्या वाचकांना आठवत असेल. तिचे लेखक जॉन मास्टर्स. जन्म १९१४ साली कलकत्त्याचा, नोकरी गुरखा पलटणीत. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या आठवणी त्यांनी १९६१ साली 'द रोड पास्ट मंडाले' या पुस्तकात लिहिल्या. १९४४ साली ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, जपानी फौजांच्या पिछाडीला ब्रिटिशांनी जी 'चिंडिट' सेना उतरवली होती, तिच्यातली १११ वी ब्रिगेड त्या वेळी मास्टर्स यांच्या हाताखाली होती. रस्ता आणि रेल्वे अडवून धरण्यासाठी त्यांनी जंगलात एक ठाणे केले. त्याचे सांकेतिक नाव ब्लॅकपूल. पावसाळा लागला, जपानी तोफा जवळ आल्या, विमाने उतरायची धावपट्टी हातची गेली. २५ मे १९४४ रोजी ठाणे सोडावे लागले. चालू शकत नव्हते त्यांना खांद्यावर घेऊन चिखलातून डोंगर चढायचा होता. आणि जे उचलण्याच्याही पलीकडे गेले होते, ज्यांच्या जगण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती, अशा एकोणीस जणांना मास्टर्स यांच्या हुकुमावरून त्यांच्याच माणसांनी गोळी घालून यातनांतून सोडवले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. कुठेही आवाज न चढवता लिहिली आहे. ते पान मी दोनदा वाचले, आणि मग बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

उरलेले जखमी आणि तापाने फणफणलेले शेकडो लोक घेऊन ही ब्रिगेड इंदॉजी नावाच्या सरोवराकाठी आली. म्यानमारातले हे सर्वांत मोठे सरोवर. लांबी चोवीस किलोमीटरांच्या आसपास. इथवर आले, पण पुढे काय? मोटारीचा रस्ता नाही, चिखलात विमान उतरायचे नाही, आणि भारतात चालत जायचे तर मध्ये पाटकाईच्या रांगा. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आले की, जमिनीवर उतरता येत नसेल तर पाण्यावर उतरावे. सिंहलद्वीपाच्या दक्षिण टोकाशी कोग्गल इथे ब्रिटिश विमानदळाच्या २३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सुंदरलँड विमाने होती. त्यांचे काम हिंदी महासागरावर पाणबुड्या हुडकण्याचे. त्यांतली दोन विमाने आसामात दिब्रुगडला आणली आणि ऐन पुरातल्या ब्रह्मपुत्रेवर नांगरली. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत ही दोन विमाने ढगांतून वाट काढीत त्या सरोवरावर उतरत राहिली. रबरी होड्यांतून जखमींना विमानापर्यंत आणायचे, आत घ्यायचे, आणि पुन्हा ब्रह्मपुत्रा. महिन्याभरात पाचशेहून अधिक माणसे त्यांनी बाहेर काढली. त्यांत ब्रिटिश होते, गुरखे होते, आफ्रिकेतल्या नायजेरियाचे लोक होते.

सैनिकांनी या दोन विमानांना 'गर्ट' आणि 'डेझी' अशी नावे ठेवली. इंग्लंडच्या रेडिओवर त्या काळी एल्सी आणि डोरिस वॉटर्स या दोघी बहिणी विनोदी संवाद करीत; त्यांतल्या पात्रांची ही नावे. दोन बडबड्या बायका, चहा पिता पिता जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या. मरणाच्या दारातून नेणाऱ्या विमानाला असे नाव सुचावे, यात मला त्या माणसांविषयी फार काही कळले.

ब्लॅकपूल सुटल्यापासून पहिले विमान येईपर्यंत गेला तो आठवडाभराचा काळ. हे आठ-दहा दिवस माझ्या डोक्यातून जाईनात. मग मी विमान शोधायला लागलो.

सुंदरलँडचा जन्म इंग्लंडमधल्या रॉचेस्टर इथला. शॉर्ट ब्रदर्स ही त्याची कंपनी, आर्थर गूज हे त्याचे मुख्य आरेखक, आणि पहिले उड्डाण १६ ऑक्टोबर १९३७ चे. त्याचे थोरले भावंड म्हणजे इंपीरियल एअरवेजची 'एम्पायर' जलविमाने. ती तर आपल्याकडे प्रवासी घेऊन येत असत. कराचीहून निघाले की राजपुतान्यातले राजसमंद तळे, मग ग्वाल्हेर, मग अलाहाबाद, मग कलकत्ता असे पाण्यापाण्याने पुढे सिंगापूरकडे. राजसमंदच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांच्या पुढ्यात लंडनचे विमान उतरत असेल, ही कल्पनाच मला मोठी रम्य वाटते. त्या काळी लांबच्या, पक्क्या धावपट्ट्या थोड्या होत्या आणि पाणी मात्र सगळीकडे फुकट होते. जलविमानांचे सगळे राज्य एवढ्या एका गोष्टीवर उभे होते. युद्धाने जगभर सिमेंटच्या धावपट्ट्या टाकल्या आणि ते राज्य बुडाले. ब्रिटिश विमानदळाने सुंदरलँडला निरोप दिला तो सिंगापुरात, १९५९ साली. आणि योगायोग पाहा, एअरफिक्स कंपनीने या विमानाचा प्लास्टिकचा संच बाजारात आणला तोही १९५९ सालीच. खरे विमान निवृत्त झाले आणि खोटे कामावर रुजू झाले. माझ्या वाट्याला आला तो याच जुन्या साच्यातून पुढे केव्हातरी काढलेला संच. पुष्कळ हात फिरून आलेला, पेटीचे कोपरे कुरतडलेले.

पेटी उघडली की आत काय दिसते? झाडाच्या फांदीला कैऱ्या लागाव्यात तसे चौकटीला लटकलेले करडे तुकडे. ब्लेडने एकेक तोडायचा, तोडल्याजागी पॉलिशपेपर मारायचा, आणि पातळ गोंदाने जोडायचा. हा गोंद प्लास्टिक चिकटवीत नाही, विरघळवून एकजीव करतो. त्यामुळे सांध्यावर एक थेंब पुरतो आणि दुसरा घातक ठरतो. सूचनापत्रक दोन पानांचे. सरळ जोडत गेलात तर दोन रविवारांत विमान उभे राहील. मग चार महिने कुठे गेले?

ते गेले प्रमाणात. प्रमाण ही फार निर्दय गोष्ट आहे. दिवाळीत आपली मुले किल्ला करतात, तेव्हा तिथे प्रमाणाचा जुलूम नसतो. महाराज सिंहासनावर बसलेले असतात आणि ते उठून उभे राहिले तर त्यांचे डोके बालेकिल्ल्याच्या वर जाईल. मावळा महादरवाजाहून थोराड, शेजारी एखादा प्लास्टिकचा वाघ मावळ्याहून थोराड, आणि अळिवाचे जंगल दोघांच्या गुडघ्याएवढे. किल्ल्याला ते शोभते. पण एकदा बहात्तरास एक असे म्हटले की प्रत्येक टिंबाला जाब द्यावा लागतो. या जुन्या संचावर सगळीकडे रिव्हेटांचे उंचवटे आहेत. एकेक टिंब अर्ध्या मिलिमीटरचे. बहात्तराने गुणा, छत्तीस मिलिमीटर होतात. म्हणजे खऱ्या विमानावर पेढ्याएवढे खिळे! असले विमान हवेत कसले उडते? सगळा जून महिना मी ते पेढे घासण्यात घालवला. बाहेर पाऊस, आत करड्या भुकटीचा पाऊस. हिने जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा खडूची रेघ मारून मला तोडून दिला. वाटणीचा तो करार दोन्ही पक्षांनी अखेरपर्यंत पाळला.

पोटाखालची एक गंमत इथे सांगितली पाहिजे. जलविमानाचे पोट होडीसारखे असते हे खरे, पण मध्यावर त्याला एक पायरी असते. तळ तिथे एकदम वर उचललेला. ती कशाला? पाण्याला चिकटायची खोड आहे. ओली बशी ओट्यावर उपडी पडली की उचलताना जी ओढ बसते, तीच ओढ विमानाच्या तळालाही बसते. विमान वेगाने जाऊ लागले की पायरीशी पाणी तळापासून सुटते, मागे हवा शिरते आणि ओढ मोडते. तळे अगदी आरशासारखे शांत असले तर जलविमानाला उठणे जड जाते. म्हणून कधी कधी मोटारबोट पुढे पळवून मुद्दाम लाटा उठवीत. शांतपणाही कधी कधी अडचण करतो तो असा. संचातली ही पायरी बोथट होती. ती मी धारदार करून घेतली.

आता पोटातले. सुंदरलँड हे दोन मजली घर आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वरच्या मजल्यावर पुढे दोन वैमानिक, त्यांच्या मागे बिनतारी संदेशवाला, नकाशे घेऊन बसलेला मार्गदर्शक आणि एंजिनांची काळजी वाहणारा इंजिनिअर. खालच्या मजल्यावर नाकाशी नांगराची खोली, मग शौचकूप, तोही साखळीचा, मग टेबल आणि झोपायच्या फळ्या असलेली बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग बाँबची खोली, मागे आणखी फळ्या, दुरुस्तीचे टेबल, आणि शेवटी शेपटाची बंदूक. बारा-बारा तास समुद्रावर घिरट्या घालायच्या, तर माणसांना जेवायला आणि पाठ टेकायला जागा हवीच. आणि संचात या सगळ्याच्या जागी काय होते? पोकळी! दोन अर्धुके जोडली की आत नुसता अंधार. तेव्हा आतले घर मी स्वतः बांधायचे ठरवले. लंडनच्या हेंडन भागातल्या विमानदळाच्या संग्रहालयात आणि डक्सफर्डला अशी विमाने जपून ठेवली आहेत. त्यांची छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहायची, मापे काढायची, बहात्तराने भागायची आणि प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून भिंती कापायच्या.

"आणि मग वरून झाकण लावून टाकणार?" ही म्हणाली.

"हो."

"म्हणजे दिसणार काहीच नाही."

"खिडक्यांतून थोडं दिसेल."

"अहो, मग खिडक्यांपुरतंच करा की!"

हा सल्ला व्यवहाराचा होता, आणि तो मी का मानला नाही ते मला तेव्हा नीट सांगताही आले नसते.

स्वयंपाकघरापाशी आल्यावर आईंना एकाएकी रस वाटू लागला. तिथल्या चित्रात प्रायमसचे दोन स्टोव्ह होते. आईंनी भिंग हातात घेतले आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आपला स्टोव्ह!" मग पंप किती मारायचा, पिन केव्हा घालायची, रॉकेल ओले असले की ज्योत कशी पिवळी जळते, आणि माझ्या बारशाला ऐन वेळी वॉशर कसा गेला, इथपर्यंत सगळे झाले. चाळीस वर्षे प्रायमसशी झगडलेल्या बाईपुढे मी काय बोलणार? मी नुसता दोन चार-चार मिलिमीटरांच्या पितळी टिकल्या चिमट्यात धरून बसलो होतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "किटली कुठाय?"

किटली नव्हती. आई उठल्या, मिसळणाचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या तळहातावर एक मोहरी ठेवली. मी मापून पाहिली. दोन मिलिमीटर, गुणिले बहात्तर, चौदा सेंटिमीटर. किटलीचे माप तंतोतंत. तिला तांब्याच्या तारेचा कान लावला, चंदेरी रंग दिला आणि डाव्या स्टोव्हवर बसवली. चार महिन्यांत मी केलेल्या कामात सर्वांत बिनचूक वस्तू हीच, आणि ती केली वाण्याने.

मुलगी एव्हाना येऊन-जाऊन बघत होती. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिने विचारले, "बाबा, यात माणसं नाहीत का?" संचात वैमानिकांच्या बाहुल्या होत्या, त्या मी दाखवल्या. "नाही, ती दुसरी. तुम्ही सांगत होता ती. तळ्यावरची." मी म्हटले, तीस-चाळीस माणसे असत एका खेपेला. "मग करू या की चाळीस," असे ती सहज म्हणाली, दहीहंडीला चार थर लावू म्हणावे तसे.

इथे मला जे झाले ते सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच. मी मास्टर्स वाचले होते, त्या मोहिमेवरचे आणखीही वाचले होते. 'एका विमानात चाळीस जखमी' हे वाक्य मी डोळ्यांखालून कितीदा तरी घातले होते, आणि वाक्य म्हणून त्यात काही अडखळण्यासारखे नव्हते. पण वाक्यात माणसांना जागा लागत नाही. साडेपाच फुटी माणूस बहात्तरास एक या प्रमाणात सव्वादोन सेंटिमीटरांचा होतो. स्ट्रेचर तीन सेंटिमीटरांहून थोडे अधिक. आणि विमानाच्या पोटाची आतली रुंदी जेमतेम चार. मुलीने कागदाच्या लगद्याची माणसे वळली, तारेचे हातपाय केले, दोऱ्याच्या पट्ट्या बांधल्या. गोळ्यांच्या पाकिटांतला चंदेरी कागद खाकी रंगवून त्याची पांघरुणे कापली. दर माणसाची जखम तिने वेगळी ठरवली होती. कुणाचा पाय, कुणाचा डोळा; काही जणांना पट्टी नाही, ते तापाचे. वहीत तिची यादी होती आणि तिच्यातून मला एकही वजा करता येत नव्हता.

मग आम्ही माणसे आत ठेवायला बसलो. बैठकीच्या खोलीतल्या फळ्यांवर चार गेले, मागच्या फळ्यांवर आणखी काही. टेबलाखाली एक. बाँबच्या खोलीत बाँब नाहीत असे मी धरले होते, तिथे जमिनीवर दाटीने नऊ. स्वयंपाकघराच्या दारात एक, पाय वाकवून. बावीस झाले आणि जागा संपली. "आडवे नको, काही बसवू या," ती म्हणाली. बसवले. भिंतीला पाठी लावून, एकाच्या गुडघ्यात दुसरा. एकतीस. दुरुस्तीच्या टेबलाखाली दोन, मागच्या वाटेत तीन. शौचकुपाचे दार उघडे ठेवून तिथे एक बसवला, तेव्हा ती हसली नाही. रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि वाटेत पाऊल टाकायला जागा उरली नव्हती. तीन माणसे अजून टेबलावर होती.

"ही राहू देत का?" मी विचारले.

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा चिमटा उचलला. दोघांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवले. शेवटचा नांगराच्या खोलीत, दोरखंडाच्या वेटोळ्यावर. त्या खोलीत एका माणसाला जागा आहे हे मला इतके दिवस आत घर बांधूनही दिसले नव्हते, तिला दिसले.

त्या एकोणिसांची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. तिने एवढेच विचारले, "विमान आधी का नाही आलं?" पाऊस, तोफा, धावपट्टी, दोन विमाने सिंहलद्वीपाहून आणण्याला लागणारे दिवस, दिब्रुगडपासून सरोवरापर्यंतचे सरळ रेषेतले सुमारे तीनशे किलोमीटर आणि मधले ढगांत बुडालेले डोंगर, हे सगळे मी तिला सांगितले. प्रत्येक कारण खरे होते. ती ऐकत होती आणि एका माणसाचे पांघरूण दातकोरण्याने सारखे करीत होती.

दुसऱ्या दिवशी दोन अर्धुकी जोडायची होती. जोडण्यापूर्वी एक गोष्ट मी केली. सुंदरलँडच्या बाँबच्या खोलीला दोन्ही बाजूंना, पंखांच्या खाली, दारे असतात. ती उघडून बाँब रुळांवरून पंखांखाली सरकवायचे आणि टाकायचे अशी योजना. हिचा सुरुवातीपासून आक्षेप होता, "युद्धाचं विमान घरात कशाला?" आणि तो आक्षेप काही खोटा नव्हता. हे विमान पाणबुड्या बुडवण्यासाठी बांधले होते आणि त्याने त्या बुडवल्याही. मी डावीकडचे दार उघडे ठेवले. त्यातून आता आतली माणसे दिसतात. हिने ते पाहिले, काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून टेबलावरची खडूची रेघ जरा तिच्या बाजूला सरकली, असे मला वाटते.

बाहेरचे काम त्या मानाने सोपे. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते आले, एका डोळ्याने नेम धरून पाहिले आणि म्हणाले, "प्रोफेसर, तुमची एंजिनं वाकडी बसली आहेत." एंजिने वाकडीच असतात. विमान बनत असताना शेपटाशी जड बंदुका बसवायचे ठरले आणि सगळा तोल पुढेमागे झाला. तेव्हा पंखच चार अंशांहून थोडे अधिक मागे वळवले. एंजिने पंखांत बसलेली, तीही बाहेरच्या बाजूला तोंडे करून राहिली. पुढून पाहिले तर चार भाऊ एकमेकांवर रुसून चार दिशांना बघताहेत असे वाटते. हे ऐकून त्यांचे समाधान झाले. पण जाताना पुन्हा नेम धरून पाहिलेच.

रंग वरून करडा आणि बाकी पांढरा. पंखांवरच्या चक्रांची एक हकीगत आहे. ब्रिटिश विमानांवर निळ्या वर्तुळात तांबडा ठिपका असे. आशियात मात्र तो काढून टाकला आणि गडद निळ्यात फिकट निळा ठिपका केला. कारण जपानी विमानांवर तांबडा सूर्य होता, आणि घाईत तांबडे दिसले की आपलाच माणूस आपल्यावर गोळ्या झाडायचा. संचातली चिकटचित्रे तांबड्या ठिपक्यांची होती. मुलीने दोन निळे रंग मिसळून ती हाताने रंगवली. मांजरांची चित्रे काढून तिचा हात बसला आहे.

राहिल्या होत्या त्या बिनतारी संदेशाच्या तारा. डोलकाठीपासून शेपटापर्यंत जाणाऱ्या, अगदी बारीक. शिवणाचा दोरा लावला तर तो नांगराच्या दोरखंडासारखा दिसतो. जाणकार लोक प्लास्टिक मेणबत्तीवर तापवून त्याची तार ओढतात. मी ती खटपट करीत असताना आई मागे उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता अंबाड्यातून एक लांब केस ओढून काढला आणि मला दिला. केसाची जाडी मिलिमीटराचा चौदावा-पंधरावा भाग धरली तर बहात्तरपटीत ती पाच मिलिमीटर भरते. तारेला एवढी पुरे. पांढरा होता, तो काळा केला. "आयुष्यात पहिल्यांदा केसाला कलप लावला," असे त्या आता आल्यागेल्याला सांगतात.

विमानाला चाके नाहीत. किनाऱ्यावर घ्यायचे तर त्याला खालून चाकांची गाडी जोडावी लागते. ती संचात आहे. त्या गाडीवर बसून ते दसऱ्यापासून आमच्या पुस्तकांच्या कपाटावर उभे आहे. पंखांची लांबी पावणेएकोणीस इंच, त्यामुळे तिथले दोन जाड कोश खाली आणावे लागले. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ कुणी पुसायची यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.

परवा शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आला होता. मुलीने त्याला स्टुलावर चढवले, हातात छोटी बॅटरी दिली आणि उघडे दार दाखवले. त्याने एक डोळा मिटून आत प्रकाश टाकला, मग गोल खिडक्यांतून एकेकीत पाहिले आणि बोटे मोजत खाली उतरला.

"सात आहेत," तो म्हणाला.

"चाळीस आहेत," मुलगी म्हणाली. "पुन्हा बघ."

तो पुन्हा स्टुलावर चढला.